आपल्या स्ट्रोकला कोणता पटर मानवेल?

टोकियो ऑलिम्पिकच्या महिला गोल्फमध्ये ७ ऑगस्ट २०२१ रोजी अदिती अशोकचे पदक अवघ्या एका फटक्याने हुकले. एरवी गोल्फशी काडीचाही संबंध नसलेल्या घरांत त्या दिवशी सकाळपासून दूरचित्रवाणी संच सुरू होते. लांब फटक्यांच्या बाबतीत अदिती प्रतिस्पर्ध्यांच्या बरीच मागे होती. तिला चौथ्या क्रमांकापर्यंत नेले ते प्रामुख्याने पटरने. गोल्फचे गणितही हेच सांगते. पार ७२च्या मैदानावर प्रत्येक होलला दोन याप्रमाणे ३६ फटके पटिंगसाठी गृहीत धरलेले असतात, तर ड्रायव्हर फार तर चौदा वेळा पिशवीबाहेर निघतो. असे असूनही हौशी खेळाडू ड्रायव्हरच्या खरेदीत महिनोन् महिने घालवतो आणि पटर मात्र दिसायला देखणा किंवा एखाद्या नामवंताच्या हातातला म्हणून उचलतो. पटरची किंमत आणि पटरची योग्यता यांचा संबंध फारसा नाही. संबंध आहे तो आपल्या स्ट्रोकशी.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी आपला स्ट्रोक जाणून घ्यावा. घरातील सतरंजीवर एक सरळ दोरा ताणून बांधावा, त्यावर चेंडू ठेवावा आणि मागच्या बाजूने मोबाईलवर चित्रण करावे. काही खेळाडूंचा पटर मागे जाताना आणि पुढे येताना दोऱ्याच्या जवळजवळ समांतर राहतो. बहुसंख्यांचा पटर मात्र मागे जाताना किंचित आतल्या बाजूला वळतो, चेंडूपाशी सरळ होतो आणि पुढे पुन्हा आत जातो, म्हणजे हलकी कमान काढतो. यात चूक काहीच नाही. खांद्यांभोवती फिरणारी हालचाल कमानीतच होणार. काहींची कमान अगदी उथळ असते, तर काहींची दाराच्या फडताळासारखी ठळकपणे उघडझाप होते. चित्रण पाच-दहा फटक्यांचे असावे. एकाच फटक्यावरून निष्कर्ष काढू नये.

आता पटरची परीक्षा. शाफ्ट आडवा धरून एका बोटावर तोलावा आणि हेड कोणत्या स्थितीत स्थिरावते ते पाहावे. चेंडूला लागणारी सपाट बाजू, म्हणजे फेस, आकाशाकडे तोंड करून राहिली तर तो ‘फेस-बॅलन्स्ड’ पटर होय. हेडचे टोक, अर्थात ‘टो’, जमिनीच्या दिशेने झुकले तर त्या झुकावाला ‘टो-हँग’ म्हणतात. घड्याळाच्या भाषेत सांगायचे तर साडेचारच्या सुमारास झुकणारे टोक मध्यम आणि थेट सहाकडे रोखलेले टोक पूर्ण झुकावाचे. हेडचा गुरुत्वमध्य शाफ्टच्या रेषेपासून जितका दूर, तितकी त्याची उघडझाप करण्याची प्रवृत्ती अधिक. सरळ स्ट्रोकवाल्यास फेस-बॅलन्स्ड, उथळ कमानीस मध्यम आणि खोल कमानीस पूर्ण झुकाव, असा सर्वसाधारण संकेत आहे.

येथे ग्राहकांचा हमखास गोंधळ होतो. अरुंद ‘ब्लेड’ म्हणजे झुकाव आणि रुंद ‘मॅलेट’ म्हणजे फेस-बॅलन्स्ड, असे विक्रेतेही बिनदिक्कत सांगतात. प्रत्यक्षात झुकाव मुख्यत्वे ठरतो तो शाफ्ट हेडला कोठे आणि कसा जोडला आहे त्यावरून. आखूड, तिरपी मान असलेले कितीतरी मॅलेट ब्लेडइतकेच झुकतात. तेव्हा नावावर न जाता बोटावर तोलून पाहावे. दोन सेकंदांचे काम आहे.

आकाराचा फायदा निराळा आहे. जनरल इलेक्ट्रिकमध्ये अभियंता असलेल्या कार्स्टेन सोलहाइम यांनी हेडचे वजन मधून काढून दोन्ही टोकांना विभागले. त्यामुळे चेंडू फेसच्या मध्यावर लागला नाही तरी हेड कमी गरगरते. त्यांच्या ‘पिंग’चा १९६६ सालचा ‘अँसर’ पटर याच तत्त्वावरचा. त्याचा पहिला आराखडा त्यांनी ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर रेखाटला होता, असे सांगितले जाते. टायगर वूड्सचा सुप्रसिद्ध पटर याच घराण्यातला. मोठ्या मॅलेटमध्ये हे तत्त्व आणखी पुढे नेलेले असते. म्हणूनच ज्याचा चेंडू फेसवर जागोजागी लागतो, त्याने रुंद हेडकडे वळावे आणि झुकाव मात्र आपल्या कमानीप्रमाणे निवडावा.

वरील संकेत हा कायदा नव्हे. चेंडू कोणत्या दिशेने निघणार हे बहुतांशी आघाताच्या क्षणी फेस कोठे रोखलेला आहे यावर ठरते. कमानीचा वाटा त्यामानाने अल्प. खोल कमान असूनही फेस-बॅलन्स्ड पटरने उत्तम खेळणारे आहेत. सरावाच्या ग्रीनवर सहा फुटांवरून दोन पटरांनी वीस-वीस चेंडू मारावेत. चुकलेले चेंडू सतत एकाच बाजूला जात असतील तर तो पटर आपला नाही.

आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे लांबी. दुकानांत सरसकट ३४ किंवा ३५ इंचांचे पटर असतात. बेताच्या उंचीच्या खेळाडूला, विशेषतः महिलांना, ते लांब पडतात. मग कोपरे पोटात खुपसली जातात, हेडचे टोक जमिनीवरून उचलले जाते आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फेस नकळत डावीकडे रोखला जातो. स्ट्रोक निर्दोष असूनही चेंडू डावीकडेच जातो आणि बिचारा खेळाडू मनगटांना दोष देत बसतो. योग्य लांबी पाहण्यासाठी हात सैल सोडून उभे राहावे आणि डोळ्यापासून एक चेंडू सोडून द्यावा. तो खेळायच्या चेंडूवर किंवा किंचित आत पडला पाहिजे. शाफ्ट कापून घेता येतो. मात्र एखादा इंच कापला तरी हेड हलके भासू लागते, म्हणून वजन बदलता येणारा पटर असल्यास बरे.

फेसलाही ३ ते ४ अंशांचा लॉफ्ट असतो, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. चेंडू गवतात किंचित रुतलेला असतो. त्याला अलगद वर काढण्यासाठी हा कोन हवा. मुंबई-पुण्याकडे पावसाळ्यात ग्रीन ओले आणि संथ असतात, तेव्हा तो अधिक जाणवतो. मारताना हात पुढे ढकलण्याची सवय असणाऱ्यांचा लॉफ्ट आपोआप घटतो आणि चेंडू उड्या मारत सुटतो. त्यांनी थोडा जास्त लॉफ्ट मागावा.

लांब पटर आजही वैध आहेत, परंतु १ जानेवारी २०१६ पासून पटर छातीला वा पोटाला टेकवून मारण्यास मनाई आहे. अलीकडे बोलबाला आहे तो ‘झीरो टॉर्क’ पटरांचा. यात शाफ्टची रेषा गुरुत्वमध्याकडे रोखलेली असल्याने हेड आपणहून वळू पाहत नाही. जे. जे. स्पॉनने २०२५ची अमेरिकन ओपन अशाच पटरने, ओकमाँटच्या अखेरच्या होलवर ६४ फुटांचा पट घालून जिंकली. हातात फेस स्थिर राहत नसल्यास हा प्रकार जरूर आजमावावा. मात्र हेडचे वजन जाणवण्याची सवय असलेल्यांना तो निर्जीव वाटू शकतो आणि किंमतही चढी असते. तेव्हा क्लबातील एखाद्या सदस्याकडून मागून घेऊन निदान दोन फेऱ्या खेळाव्यात आणि मगच पाकिटात हात घालावा.