लिव्हरवरचा इंजिनियर

मराठीत अवजड यंत्रांना नावं ठेवायची पद्धत मोठी मजेशीर आहे. चेनवर चालणाऱ्या, खोदणाऱ्या यंत्राला आपण 'पोकलेन' म्हणतो, ते पोक्लँ नावाच्या फ्रेंच कंपनीवरून. मशीन जपानी असो की कोरियन, साइटवर ते पोकलेनच. चाकांवरचं पिवळं यंत्र, पुढे बकेट आणि मागे खोदणारा हात, म्हणजे 'जेसीबी', मग त्यावर नाव कुणाचंही रंगवलेलं असो. माती वाहणारा मोठा टिपर म्हणजे 'हायवा', आणि ही तर मुळात टिपर उचलणारे हायड्रॉलिक जॅक बनवणारी डच कंपनी!

यंत्राला कंपनीचं नाव मिळालं. आत बसलेल्या माणसाला मात्र आपण धड नावच दिलं नाही. तो 'जेसीबीवाला', नाहीतर 'ड्रायव्हर', आणि फारच मान द्यायचा झाला तर 'ऑपरेटर'. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत ह्याच माणसाला 'इंजिनियर' म्हणत. गमतीने नाही, चक्क पगारपत्रकावर. माझ्या व्हिजिटिंग कार्डावरही तोच शब्द छापलाय, आणि मी आजवर हलवलेलं सगळ्यात जड यंत्र म्हणजे लॅपटॉप. तर ह्या शब्दाचं मधल्या काळात झालं काय, हे बघायला बसलो आणि दोन वीकएंड त्यात गेले.

सुरुवात होते विल्यम ओटिसपासून. (लिफ्टवाले ओटिस वेगळे, पण नात्यातलेच.) अमेरिकेत तेव्हा रेल्वेचं जाळं पसरत होतं आणि खोदाई सगळी कुदळ-फावड्याने. ह्या पोराने वाफेवर चालणारं फावडं बनवलं, १८३९ साली त्याचं पेटंट मिळालं, आणि त्याच वर्षी वयाच्या सव्विसाव्या वर्षी तो वारला. यंत्र चालत होतं, पण फारसं कुणाला नको होतं, कारण माणसं स्वस्त होती. कुदळवाला स्वस्त मिळतोय तोवर यंत्र कुणी घेत नाही, हे अर्थशास्त्र आपल्याला वेगळं सांगायला नको. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे लाखो माणसं रस्त्यांच्या आणि तलावांच्या कामावर खडी फोडत, माती वाहत होती. तिथे यंत्र आणलं असतं तर काम लवकर झालं असतं आणि माणसं उपाशी राहिली असती.

स्टीम शॉव्हेलला खरे दिवस आले ते पनामा कालव्यावर. अमेरिकेने हे काम १९०४ साली हातात घेतलं. कालव्यातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे कुलेब्रा नावाचा डोंगर कापून काढायचा, साधारण चौदा किलोमीटर. तिथे शंभरावर वाफेची फावडी आली, त्यांतली बहुसंख्य ब्युसायरस कंपनीची. त्यांत ९५ टनांचीही होती. १९०६ च्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट काम बघायला गेले आणि पांढऱ्या सुटात एका ब्युसायरसवर चढून बसले. तो फोटो तुम्ही कुठेतरी पाहिला असेलच. पदावर असताना देशाबाहेर पाऊल टाकणारे ते पहिले अमेरिकन अध्यक्ष, आणि बसले कुठे, तर ऑपरेटरच्या जागेवर.

आता हे यंत्र चालायचं कसं, ते जरा बघू, कारण सगळी गोम तिथेच आहे. मातीचा एक घास घ्यायचा तर बकेट वर ओढावी लागते, त्याच वेळी पुढे मातीत रेटावी लागते, मग सगळं धूड वळवायचं आणि गाडीवर बकेटचा तळ उघडायचा. चार हालचाली. त्या काळी त्या दोन माणसांत वाटलेल्या होत्या. वर ओढणं आणि वळवणं इंजिनियरकडे. पुढे रेटणं आणि तळ उघडणं 'क्रेनमन'कडे, आणि तो उभा कुठे, तर बाहेर बूमवरच्या छोट्याशा फळीवर. वाफेच्या फुसफुसाटात एकमेकांशी बोलणं अशक्य. इंजिनियरने ओढलं आणि क्रेनमनने जास्त रेटलं तर बकेट अडकणार, कमी रेटलं तर अर्धी रिकामी येणार. म्हणजे दोन माणसांनी न बोलता, दिवसभर, काही सेकंदांच्या लयीत एक हात चालवायचा. पेअर प्रोग्रामिंगवर पुस्तकं लिहिणाऱ्यांनी हे एकदा बघायला हवं होतं.

ही जोडी जमली की काय व्हायचं? १९०७ पासून 'कॅनाल रेकॉर्ड' नावाचं साप्ताहिक तिथे निघायला लागलं आणि त्यात कुठल्या शॉव्हेलने किती माती काढली ह्याचे आकडे छापून यायचे. झालं, चुरस लागली. १९०९ च्या मार्चमध्ये कुलेब्रात ६८ शॉव्हेल एकाच वेळी चालत होती आणि त्या एका महिन्यात वीस लाख घनयार्डांवर माती-दगड निघाला. आपल्या भाषेत सांगायचं तर सव्वापाच लाख ब्रासच्या वर. (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. वाळू मागवली असेल त्यांना माहीत असेल.)

ह्या माणसांना आपली किंमत माहीत होती. कालव्याचं काम शॉव्हेलच्या वेगाने चालतं, बाकी सगळं त्याच्या मागे, हे त्यांना कळत होतं. १९०७ च्या मे महिन्यात त्यांनी पगारवाढीसाठी संप केला. कर्नल गोएथल्स नुकतेच मुख्य इंजिनियर म्हणून आले होते. (बघा, तोच शब्द, पण हा वेस्ट पॉइंटमधून शिकून आलेला.) त्यांनी मागणी फेटाळली, नवी माणसं भरती केली, संप मोडला. काही काळ बरीचशी शॉव्हेल थंड पडली होती, पण हळूहळू आकडे पूर्वपदावर आले. एका इंजिनियरने दुसऱ्याला हरवलं, असं मी ते वाचतो. त्यानंतर 'इंजिनियर' कोणाला म्हणायचं हे हळूहळू पदवीवरून ठरू लागलं.

पण ह्या संपवाल्यांना नुसतं हुतात्मा करून चालणार नाही. पनामात दोन पगारपत्रकं होती, 'गोल्ड रोल' आणि 'सिल्व्हर रोल'. नाव नाण्यांवरून, पण अर्थ साधा : गोरे अमेरिकन सोन्यात, बार्बाडोस आणि इतर बेटांवरून आलेले काळे मजूर चांदीत. पोस्टाच्या खिडक्या वेगळ्या, दवाखान्यातले वॉर्ड वेगळे. शॉव्हेलचा इंजिनियर महिन्याला दोनशे डॉलरच्या वर कमवायचा. शॉव्हेल रुळांवर चालायचं, आणि ते पुढे सरकावं म्हणून चिखलात रूळ उचलून टाकणारा माणूस तासाला दहा सेंट कमवायचा. दिवसाचे दहा तास, महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर सव्वीस डॉलर. एकाच यंत्राभोवती काम करणारी ही माणसं! अमेरिकन काळात तिथे सरकारी हिशोबाने ५६०९ माणसं मेली आणि त्यांतली साडेचार हजारांच्या आसपास वेस्ट इंडीजची होती. शॉव्हेलने किती माती काढली ते नंबरासकट छापलेलं आहे. २० मे १९१३ ला २२२ आणि २३० नंबरची शॉव्हेल दोन्ही बाजूंनी खोदत कालव्याच्या तळाशी समोरासमोर आली, हेही नोंदलेलं आहे. रूळ टाकणाऱ्यांना असा नंबर कुणी दिला नाही.

असो. अमेरिकेत शॉव्हेलवाल्यांची संघटना १९२७ मध्ये बॉयलर चालवणाऱ्यांच्या संघटनेत विलीन झाली, आणि त्या एकत्र संघटनेचं नाव पडलं 'इंटरनॅशनल युनियन ऑफ ऑपरेटिंग इंजिनियर्स'. ते आजही तसंच आहे. शब्द त्यांनी सोडला नाही.

मग आलं हायड्रॉलिक. फ्रँक हाफ नावाच्या अमेरिकन माणसाने १९४७ साली चारही चाकांना जोर असलेला हायड्रॉलिक लोडर बाजारात आणला, आजच्या व्हील लोडरचा पूर्वज. लोडरमध्ये एक गंमत आहे. शॉव्हेलमध्ये रेटायचं काम वेगळ्या माणसाकडे होतं, इथे अख्खी गाडीच रेटते. ढिगात घुसायचं, बकेट वळवत भरायची, मागे यायचं, इंग्रजी 'व्ही'च्या आकारात वळून ट्रकवर ओतायचं, परत. चांगल्या हाताला ह्या फेरीला अर्धा-पाऊण मिनिट लागतं. जास्त रेटलं की चाकं जागेवर फिरतात, आणि ते टायर सोलून निघाले की मालक रडतो. म्हणजे चार हालचाली, शिवाय स्टिअरिंग, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, सगळं एका माणसावर आलं. सुरुवातीच्या कित्येक लोडरांत बकेट उचलणारे हात चालकाच्या मागे जोडलेले असत आणि दोन्ही खांद्यांशेजारून वरखाली व्हायचे. कोपर जरा बाहेर गेलं की संपलं. ते सांधे पुढे सरकवायला पन्नास आणि साठचं दशक उजाडावं लागलं. आणि यंत्र उलटलं तर चालक चिरडू नये म्हणून डोक्यावर पोलादी सांगाडा हवाच, हा अमेरिकन कायदा १९७२ चा.

चालकाचा विचार आधी करणारा एक माणूस ह्या कथेत आहे, तो म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड. जेसीबी ही त्यांचीच आद्याक्षरं. १९४५ साली इंग्लंडमधल्या अटॉक्सिटर गावात एका छोट्या गॅरेजमध्ये, एका पौंडात घेतलेल्या जुन्या वेल्डिंग सेटवर त्यांनी ट्रेलर बनवला. १९५३ च्या सुमारास ट्रॅक्टरला पुढे लोडर आणि मागे खोदणारा हायड्रॉलिक हात आला. साठीच्या तोंडावर त्यांनी केबिनमध्ये चहाच्या किटलीसाठी सॉकेट दिलं, आणि पहिल्या शंभर गिऱ्हाइकांना किटली रोल्स रॉइसमधून स्वतः नेऊन दिली. जाहिरातबाजी होतीच, पण त्या धंद्यात केबिनमधल्या माणसाला चहा लागतो हे आधी कुणाच्या लक्षात आलं होतं?

भारतात एस्कॉर्ट्सबरोबर भागीदारीत १९७९ मध्ये जेसीबी आलं, फरिदाबादजवळ बल्लभगडला. पोक्लँचं तंत्रज्ञान लार्सन अँड टुब्रोने आणलं. मोठी यंत्रं त्याआधीच धरणांवर आली होती. भाक्राचं काम ज्यांच्या देखरेखीखाली झालं ते अमेरिकन हार्वे स्लोकम स्वतः साधे मजूर म्हणून सुरुवात केलेले, इंजिनियरिंगची पदवी नसलेले. त्यांच्या हाताखाली डिग्रीवाले इंजिनियर काम करत होते. आज कुठल्या एचआरने त्यांचा बायोडेटा पुढे सरकवला असता?

आमच्या ऑफिसशेजारी पायाची खोदाई चालू होती तेव्हा एका जेसीबीवाल्या दादांशी ओळख झाली. मी त्यांना 'दादा' म्हणायचो, ते मला 'सर'. आधी तीन वर्षं हेल्पर होते. म्हणजे रोज सकाळी सगळ्या पिनांना ग्रीस मारायचं, डिझेल भरायचं, बकेटचे दात तपासायचे, आणि उस्ताद जेवायला गेला की पाच मिनिटं लिव्हर हातात. मी विचारलं, खाली केबल आहे हे कसं कळतं? म्हणाले, "सर, इंजिनचा आवाज बदलतो ना. मुरूम वेगळा बोलतो, दगड वेगळा."

मग मी जॉयस्टिकबद्दल विचारलं, कारण ते मला नेटवर सापडलं होतं. एक्स्कॅव्हेटरच्या दोन जॉयस्टिकच्या दोन पद्धती आहेत, आयएसओ आणि एसएई. फरक एवढाच की बूम आणि त्यापुढचा दांडा ह्यांच्या हालचाली डाव्या-उजव्या हातांत अदलाबदल झालेल्या. व्हीआय आणि ईमॅक्स समजा. फक्त इथे चुकीची की दाबली तर फाइल नाही, शेजारी उभा माणूस जातो. दादा हसले. दुसऱ्या मशीनवर बसलो की पहिला अर्धा तास मोकळ्या जागेत हवेत हात चालवतो, म्हणाले. पार्टीला वाटतं टाइमपास चाललाय, आणि भाडं तासावर असतं ना, मग कटकट होते.

त्यांची कंबर गेलेली आहे, वय चाळीसही नाही. दिवसभर सीटवर बसणारे हादरे मोजता येतात, युरोपने २००२ मध्ये त्यावर मर्यादा घातली : आठ तासांच्या हिशोबाने १.१५ मीटर प्रति सेकंद वर्ग, त्यापुढे माणसाला बसवायचं नाही. आकडा सांगितल्यावर दादांनी विचारलं, "हे मोजायला येतं कोण?"

ऑटोमेशनचं विचाराल तर तिथेही क्रम बघण्यासारखा आहे. चिलीतल्या गॅब्रिएला मिस्त्राल तांब्याच्या खाणीत कोमात्सुचे विनाचालक डंपर २००८ पासून धावतायत. ठरलेला रस्ता, जीपीएस, सोपं (म्हणजे आपल्या दृष्टीने सोपं). ढिगात बकेट घालणं मात्र त्यांतलं नाही. प्रत्येक ढीग वेगळा, दगड कसा निसटेल ह्याचा नकाशा नाही. त्यामुळे तिथे डंपर रिकामे येतात, आणि भरणाऱ्या यंत्रात बसलेल्या माणसाने बकेट जिथे धरली असेल, त्याच्याखाली येऊन थांबतात.