मृत्युपत्र, वारसा आणि विश्वस्तनिधी : वकील कसा निवडावा?

रामकुंडावर अस्थिविसर्जन होते, दिवसकार्य आटोपते आणि मग कपाटातील कागदपत्रांची पिशवी बाहेर निघते. सातबारा उतारा, सदनिकेचे भागपत्र, मुदत ठेवींच्या पावत्या, विम्याची पॉलिसी आणि असलेच तर मृत्युपत्र. पुढे कोणत्या कार्यालयात, कोणत्या क्रमाने जायचे हे बहुतेक कुटुंबांना ठाऊक नसते. एक जण सांगतो, 'प्रोबेट घ्यावेच लागेल'. दुसरा म्हणतो, 'वारस दाखला काढा'. तिसरा धीर देतो, 'नॉमिनी आहे ना, मग झाले!' या तिन्ही सल्ल्यांत अर्धेच सत्य असते. म्हणूनच वकील शोधण्यापूर्वी आपले काम नेमके कोणते, हे समजून घेणे हिताचे ठरते.

प्रोबेट म्हणजे काय?

मृत्युपत्र खरे आहे व ते विधिवत केलेले आहे, यावर न्यायालयाने उमटविलेली मोहर म्हणजे प्रोबेट. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार ते मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकालाच, म्हणजे व्यवहारात ज्याला एक्झिक्युटर म्हणतात त्यालाच मिळते. असा व्यवस्थापक नेमलेला नसेल, तर मृत्युपत्र जोडून प्रशासनपत्रासाठी अर्ज करावा लागतो. मालमत्तेच्या मालकीचा वाद प्रोबेट न्यायालय सोडवीत नाही. ज्या घराबद्दल मृत्युपत्रात लिहिले आहे ते मुळात मृत व्यक्तीचे होते की नाही, हा प्रश्न वेगळ्या दाव्यात जातो.

या अधिनियमाच्या कलम २१३ मुळे मुंबई, कोलकाता व चेन्नई येथील उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रात हिंदूंसह काही समाजांच्या मृत्युपत्रांना प्रोबेट सक्तीचे होते. नाशिकमध्ये केलेल्या आणि फक्त नाशिकमधील स्थावर मालमत्तेविषयीच्या हिंदू व्यक्तीच्या मृत्युपत्राला ही सक्ती तेव्हाही नव्हती. मुंबईत एखादी खोली असली, की मात्र प्रश्न उभा राहत असे. संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये संमत केलेल्या निरसन व सुधारणा अधिनियमाने हे कलमच वगळण्यात आले. तरीही प्रोबेट घेण्याचा मार्ग बंद झालेला नाही. भावंडांत वाद असेल, मृत्युपत्राच्या खरेपणावर शंका घेतली जात असेल किंवा एखादी संस्था न्यायालयीन आदेशाविना भाग हस्तांतरित करण्यास तयार नसेल, तर प्रोबेट उपयोगी पडते. 'प्रोबेट सक्तीचेच आहे' असे सरसकट सांगणाऱ्याला 'कोणत्या तरतुदीनुसार?' असे अवश्य विचारावे.

मृत्युपत्र नसेल तर

मृत्युपत्र नसेल, तर कामाचे स्वरूप बदलते. बँकेतील ठेवी, रोखे व येणी यांसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र घ्यावे लागते. मृताचा वारस म्हणून औपचारिक मान्यता हवी असेल, तर जुन्या मुंबई इलाख्यातील १८२७ च्या आठव्या विनियमानुसार दिवाणी न्यायालयातून वारस दाखला मिळतो. हा जवळपास दोनशे वर्षांचा विनियम आजही वापरात आहे. शेतजमिनीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला वर्दी देऊन वारस नोंद करावी लागते. शहरातील मिळकतीसाठी नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिका पाहावी लागते. फेरफाराची नोंद ही महसुलासाठी असते, तिने मालकी सिद्ध होत नाही, हेही लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांचे २०१३ मध्ये निधन झाले. त्यांच्या गुंतवणुकीवरील नामनिर्देशनाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल लागला. कंपनी कायद्यातील नामनिर्देशनामुळे नॉमिनीला मालकी मिळत नाही, वारसाहक्काचा कायदा किंवा मृत्युपत्र हेच निर्णायक ठरते, असे न्यायालयाने स्पष्ट केले. बँक खात्यांना आता चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात, ही सोय १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. परंतु नॉमिनी पैसे स्वीकारतो, ते कोणाचे हे ठरवीत नाही. या फरकाकडे दुर्लक्ष झाल्याने चांगली कुटुंबे दुभंगतात. म्हणून पहिल्याच भेटीत वकिलाने मृत्युपत्राबरोबर सर्व नामनिर्देशनेही मागितली पाहिजेत.

नाशिकची वैशिष्ट्ये

प्रोबेट व प्रशासनपत्राचे अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या अधिकारात येतात. त्यांनी दिलेला आदेश साधारणतः राज्यभर चालतो. म्हणजे पुण्याची सदनिका व निफाडचा द्राक्षमळा एकाच अर्जात येऊ शकतात. मालमत्ता बंगळुरू किंवा इंदूरलाही असेल, तर उच्च न्यायालयात अर्ज करणे सोयीचे ठरेल का, याचा सल्ला सुरुवातीलाच घ्यावा.

सुरगाणा, पेठ, कळवण यांसारख्या तालुक्यांतील कुटुंबांबाबत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. केंद्र सरकारने अधिसूचनेने तसे ठरविल्याखेरीज हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ अनुसूचित जमातींना लागू होत नाही आणि आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरणावर जमीन महसूल संहितेची बंधने आहेत. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीविना साधारणतः एकतृतीयांशापेक्षा अधिक मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. फौजदारी कामात नावाजलेला वकील या बारकाव्यांत तितकाच तयार असेल, असे गृहीत धरू नये.

पहिल्या भेटीत काय विचारावे?

वकिलांना जाहिरात करण्यास भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनी मनाई आहे. त्यामुळे मोठ्या फलकावरून पारख होत नाही. ज्यांचे असे काम पूर्ण झाले आहे, अशा दोन-तीन कुटुंबांकडे चौकशी करणे हा खात्रीचा मार्ग. महाराष्ट्र व गोवा विधिज्ञ परिषदेची सनद आहे, याची खात्री करून घ्यावी आणि पुढील प्रश्न विचारावेत.

१. वारसा व मृत्युपत्राची किती प्रकरणे आपण स्वतः चालविली? त्यांत विरोध झालेली किती?
२. आमच्या प्रकरणात प्रोबेट, वारस दाखला की केवळ महसुली नोंद पुरेशी आहे? का?
३. मृत्युपत्रावरील साक्षीदार हयात आहेत का, हे आपण कसे तपासाल? कायद्याने किमान दोन साक्षीदार लागतात आणि हयात असलेल्यांपैकी निदान एकाला न्यायालयात साक्ष द्यावी लागते. नोंदणीकृत मृत्युपत्रही यातून सुटत नाही.
४. एखाद्या नातेवाइकाने कॅव्हेट दाखल केले तर पुढे काय? विरोध झाल्यास प्रोबेटचा अर्ज दाव्याप्रमाणे चालतो आणि काही महिन्यांचे काम काही वर्षांवर जाऊ शकते.
५. तारखांना आपण स्वतः उभे राहाल की सहकारी?

'निकाल आपल्याच बाजूने लागेल' अशी हमी देणाऱ्यापासून दूर राहावे. मृत्युपत्र करताना लाभार्थ्यानेच पुढाकार घेतला होता, करणारी व्यक्ती आजारी होती किंवा एका मुलाला अकारण वगळले आहे, अशी संशयास्पद परिस्थिती असेल, तर ती दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच वेंकटाचल अय्यंगार खटल्यात सांगितले आहे. प्रामाणिक वकील या उणिवा आधी दाखवून देतो.

वकील एकाचा की सर्वांचा?

अनेकदा थोरला भाऊ वकील ठरवितो आणि बहिणी त्याच वकिलाने पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर सही करतात. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. हक्क सोडायचा की नाही हा बहिणीचा निर्णय आहे. पण तो तिने स्वतंत्र वकिलाचा सल्ला घेऊन करावा. नोंदणीकृत हक्कसोडपत्र रद्द करून घेणे अत्यंत कठीण असते. खर्चाची अडचण असेल, तर स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

विश्वस्तनिधीचे काम वेगळे

दिव्यांग मुलाच्या आयुष्यभराच्या सांभाळासाठी मालमत्ता बाजूला ठेवायची असेल, तर भारतीय विश्वस्त अधिनियम, १८८२ खाली खासगी विश्वस्तनिधी करता येतो. त्यात स्थावर मालमत्ता असेल, तर मृत्युपत्राखेरीज अन्य मार्गाने केलेला दस्त नोंदणीकृत असावा लागतो. वाडा धर्मशाळेसाठी किंवा जमीन शाळेसाठी द्यायची असेल, तर तो सार्वजनिक विश्वस्तनिधी होतो आणि १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम लागू होतो. नोंदणी, विश्वस्त बदलल्यावर नव्वद दिवसांत द्यावयाचा बदल अर्ज, मिळकत विकण्यापूर्वी कलम ३६ ची परवानगी ही सर्व कामे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील आहेत. तेथे नियमित काम करणारा वकीलच येथे उपयोगी पडतो.

शुल्काचा व्यवहार

मालमत्तेच्या टक्केवारीवर किंवा निकालावर अवलंबून शुल्क ठरविण्यास वकिलांना मनाई आहे. 'जमीन सुटली की दोन गुंठे द्या' असा करार नियमबाह्य ठरतो. वकिलाचे शुल्क, न्यायालयीन शुल्क, वृत्तपत्रातील जाहीर नोटिशीचा खर्च आणि टंकलेखन हे वेगवेगळे लिहून घ्यावे व प्रत्येक रकमेची पावती मागावी. वकीलपत्रावर सही करताना कोरे कागद सही करून देऊ नयेत. प्रकरण दाखल झाल्यावर सोळा अंकी सीएनआर क्रमांक घ्यावा. त्यावरून पुढील तारीख ई-कोर्ट्स सेवेवर घरबसल्या पाहता येते.

सोबत काय न्यावे?

मृत्यूचा दाखला, मृत्युपत्राची छायाप्रत, सर्व वारसांची नावे, वये व पत्ते, सातबारा उतारे किंवा मिळकत पत्रिका, सोसायटीचे भागपत्र, बँक व विम्याची कागदपत्रे, कर्जाची माहिती आणि साक्षीदारांचे पत्ते. मूळ मृत्युपत्र न्यायालयात दाखल करेपर्यंत स्वतःजवळ ठेवावे व ते कोणाकडे सोपविले तर पोच घ्यावी. परदेशातील वारसाने पाठविलेल्या मुखत्यारपत्रावर ते येथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरावा लागतो.

यातील बराचसा त्रास मालमत्तेच्या धन्याच्या हयातीतच टळू शकतो. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. वयाने आपल्याहून लहान, सहज सापडतील व ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार नाही असे दोन साक्षीदार आणि एक विश्वासू व्यवस्थापक निवडावा. मूळ प्रत कोठे ठेवली आहे, हे निदान दोघांना सांगून ठेवावे.