आज्ञार्थ आणि आत्मवाचकता : वसईच्या इबेरियन भाषासंपर्काच्या संदर्भात

प्रस्तावना :

वसई प्रांतातील पोर्तुगीज कालखंडाचा (१५३४ ते १७३९) अभ्यास किल्ला, चर्च, जमीनमहसूल आणि धर्मांतर या अंगांनी पुष्कळ झाला आहे. त्या मानाने भाषासंपर्काकडे, आणि त्यातही व्याकरणाकडे, अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. पगार, चावी, साबण, पाव, घमेले, बिजागरी हे शब्द पोर्तुगीजमधून मराठीत आले हे सर्वज्ञात आहे. परंतु ही सारी नामे आहेत. क्रियापदे फारशी आली नाहीत आणि क्रियापदांची रूपे तर मुळीच आली नाहीत. सांडोर, पापडी, गिरीज, निर्मळ या गावांतील ख्रिस्ती समाजाने पोर्तुगीज आडनावे स्वीकारली. मात्र मुलाला 'बस', 'ऊठ', 'नीज' असे सांगताना आपली बोलीच कायम ठेवली. सत्तेची भाषा ही मुख्यतः आज्ञेची भाषा असते. असे असूनही दोनशे वर्षांत तिचा आज्ञार्थ येथे रुजला नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार स्पॅनिशमधील आत्मवाचक क्रियापदांच्या होकारार्थी आज्ञार्थाच्या आधारे केला आहे.

स्पॅनिश राजा आणि वसईचा दुभाषी :

वसईच्या संदर्भात स्पॅनिशचा विचार वरवर पाहता अप्रस्तुत वाटेल. तथापि १५८० ते १६४० या साठ वर्षांत पोर्तुगालचे राज्य स्पेनच्या राजाकडे होते आणि त्यामुळे वसईही त्याच्याच छत्राखाली होती. १५८१ मध्ये तोमार येथे दिलेल्या वचनांनुसार पोर्तुगालचा कारभार पोर्तुगीज अधिकारी आणि पोर्तुगीज भाषा यांच्याकडेच राहिला. म्हणून राजा स्पॅनिश असूनही वसईच्या कचेरीत स्पॅनिश शिरली नाही.

वसईचा एक मुलगा मात्र त्या भाषेपर्यंत जाऊन पोहोचला. पोर्तुगीज पिता आणि स्थानिक माता यांच्या पोटी वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया जेसुइटांच्या सहवासात वाढले, जपानला गेले, तेथील भाषा शिकले आणि पुढे मनिला येथे स्पॅनिश फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता यांच्या शिष्टमंडळाबरोबर ते दुभाषी म्हणून जपानला परतले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना क्रुसावर मृत्यू आला. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. त्यांचे स्मरण हुतात्मा म्हणून होते आणि ते योग्यच आहे; पण भाषाभ्यासकाच्या दृष्टीने त्यांचे दुभाषीपणही तितकेच महत्त्वाचे आहे. 'बसा' हा एकच साधा शब्द स्पॅनिशमधून जपानीत नेताना कोणाला किती आदर द्यायचा, याचा निर्णय दुभाष्याला क्षणात घ्यावा लागतो.

'सिएन्ताते' या रूपाची घडण :

स्पॅनिशमध्ये 'सेन्तार' म्हणजे बसवणे. त्याला 'से' हे आत्मवाचक सर्वनाम जोडले की 'सेन्तारसे', म्हणजे स्वतःला बसवणे, अर्थात बसणे. तू-वाचक आज्ञार्थासाठी वर्तमानकाळाच्या तृतीय पुरुषी एकवचनाचे रूप 'सिएन्ता' घ्यायचे आणि त्याच्या शेवटी 'ते' जोडायचे : 'सिएन्ताते'. मूळ धातूतील 'ए' येथे 'इए' होतो, कारण आघात त्या स्वरावर पडतो. लॅटिनमधील आघातयुक्त ऱ्हस्व 'ए' आणि 'ओ' यांचे स्पॅनिशमध्ये 'इए' आणि 'उए' झाले. अशा फुटलेल्या स्वराच्या नमुन्यावर पुढे इतरही क्रियापदे चालली. आघात प्रत्ययावर सरकला की मूळ स्वर परत येतो. म्हणूनच एकाला 'सिएन्ताते', पण जवळच्या अनेकांना 'सेन्ताओस'. 'दोर्मिरसे' (झोपी जाणे) पासून 'दुएर्मेते' होते. 'बेस्तिरसे' (कपडे घालणे) मध्ये 'ए'चा 'इ' होऊन 'बीस्तेते' असे रूप मिळते. नकारात मात्र सर्वनाम क्रियापदाच्या पुढे जाऊन उभे राहते : 'नो ते सिएन्तेस', बसू नकोस. 'आकोस्तारसे' (आडवे होणे), आज्ञार्थी 'आकुएस्ताते', या क्रियापदाच्या मुळाशी 'कोस्ता' म्हणजे बरगडी, कूस आहे. मराठी माणूस कुशीवर होतो तसाच स्पॅनिश माणूसही होतो, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते.

मराठी भाषक विद्यार्थी येथे हमखास अडखळतो. तो स्वरबदल पाठ करतो, पण 'ते' विसरतो. याचे कारण निष्काळजीपणा नव्हे. मराठीत 'बसणे' हे मूळ आणि 'बसवणे' हे साधित. 'निजणे' मूळ आणि 'निजवणे' साधित. 'नेसणे' मूळ आणि 'नेसवणे' साधित. स्पॅनिशमध्ये हीच वाट उलट दिशेने जाते. तेथे बसवणे हे मूळ असून बसण्यासाठी सर्वनामाची भर घालावी लागते. परिणामी 'ते' गाळून नुसते 'सिएन्ता' म्हटले तर त्याचा अर्थ 'बस' असा न होता 'बसव' असा होतो. धातूतील स्वर बदलणे ही गोष्ट मराठीलाही अपरिचित नाही : तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे, पडणे-पाडणे. परंतु मराठीत हा बदल अकर्मक आणि सकर्मक यांतील भेद दाखवतो, तर स्पॅनिशमध्ये तो केवळ आघाताच्या मागे जातो. अर्थाशी त्याचा संबंध नाही. दिसायला सारख्या असलेल्या या दोन गोष्टींची गल्लत अध्यापनात टाळणे आवश्यक आहे.

आदराची रूपे :

आदरार्थी 'सिएन्तेसे' या रूपाचा इतिहासही लक्षणीय आहे. सोळाव्या शतकात 'बुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा', असे संबोधून क्रियापद तृतीय पुरुषात ठेवीत. त्याचेच झिजलेले रूप म्हणजे 'उस्तेद'. मराठीतही 'आपण बसावे' असे म्हणताना थेट आज्ञा टाळली जाते. पण तेथील 'आपण' हे सर्वनामच संस्कृत 'आत्मन्', प्राकृत 'अप्पण' यांपासून आलेले, म्हणजे मुळात आत्मवाचक आहे. स्पॅनिशने आत्मवाचकता क्रियापदाला चिकटवली, तर मराठीने ती आदराच्या कामी लावली.

मिशनऱ्यांची व्याकरणे आणि कोर्लई :

पोर्तुगीज मिशनऱ्यांना ही अडचण दुसऱ्या बाजूने जाणवली असली पाहिजे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे कोकणी व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. उत्तरेकडील बोलीचे, सतराव्या शतकात एका पोर्तुगीज मिशनऱ्याने रचलेले व्याकरण कुन्या रिव्हारा यांनी १८५८ मध्ये गोव्यात प्रसिद्ध केले. देशी भाषा लॅटिन व्याकरणाच्या चौकटीत बसवण्याची त्या काळाची पद्धत होती. पण आज्ञा द्यायची असेल तर ती ऐकणाऱ्याच्या भाषेत द्यावी लागते, हे या व्याकरणांच्या अस्तित्वावरूनच सिद्ध होते. १६८४ मध्ये गोव्यात देशी भाषा तीन वर्षांत सोडून देण्याचा हुकूम निघाला. तो निष्फळ ठरला.

पोर्तुगीज आज्ञार्थात 'सेन्ता-ते' असे आत्मवाचक सर्वनाम असते, स्वर मात्र स्पॅनिशसारखा फुटत नाही. रायगड जिल्ह्यातील कोर्लई गावी पोर्तुगीजपासून जन्मलेली जी मिश्र बोली आजही बोलली जाते, तिच्यात क्रियापदाला चिकटणारी ही सर्वनामे टिकली नाहीत. मिश्र भाषांमध्ये अशी झीज अन्यत्रही होते, त्यामुळे सगळे श्रेय मराठीला देता येणार नाही. तरीही ज्यांच्या कानी अहोरात्र 'बस' आणि 'नीज' पडत होते, त्यांना 'स्वतःला बसव' असे म्हणण्याची गरज वाटली नाही, हे अनुमान ग्राह्य वाटते. वसईच्या सामवेदी आणि वाडवळी बोलींनी तर पोर्तुगीज क्रियापदाला घरातच घेतले नाही. तेथे पाव आला, साबण आला; पण जेवायला बसण्याची आज्ञा आजीने आपल्याच बोलीत केली.