ड्रॅगन येण्याआधी

पुण्यात दर शनिवारी मी पाच-सहा जणांना घेऊन रोल-प्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायचा खेळ, चालवते. नवा माणूस आला की आधी ड्रॅगनबद्दल विचारतो. मी त्याला १९६९ सालच्या मिनेसोटातल्या एका खेळाची गोष्ट सांगते. त्या खेळात ड्रॅगन नव्हताच, आणि तरी या छंदाची सगळी ओढ त्यात होती असं माझं ठाम मत आहे.

डेव्हिड वेझली हे मिनियापोलिस-सेंट पॉलच्या युद्धखेळवाल्या मंडळींपैकी. टेबलावर छोटे सैनिक मांडून नेपोलियनच्या काळातल्या लढाया खेळायच्या, हा या मंडळींचा नाद. वेझलींच्या हाती टॉटन यांचं १८८० सालचं ‘स्ट्रॅटेगॉस’ हे पुस्तक लागलं होतं. त्यातून त्यांनी एक गोष्ट उचलली: खेळाडूने काहीही करून पाहावं, जमलं की नाही ते पंचाने ठरवावं.

त्यांनी ब्राऊनस्टाईन नावाचं काल्पनिक जर्मन गाव रचलं. दोन सैन्यं गावाकडे निघालेली. सेनापती दोनच, खेळाडू मात्र कितीतरी जास्त. मग एकाला महापौर केलं, एकाला बँकेचा मालक, एकाला विद्यापीठाचा कुलगुरू. वेझली एकेकाला बाजूच्या खोलीत बोलावून त्याचा बेत विचारू लागले, तोवर बाहेर बाकीच्यांची कारस्थानं सुरू झाली. दोघे जण येऊन म्हणाले, आम्हाला द्वंद्वयुद्ध करायचंय. त्यासाठी नियमच नव्हता. वेझलींनी तिथल्या तिथे फासे टाकून निकाल दिला. सैन्यांची लढाई राहूनच गेली आणि खेळ पार फसला असं वेझलींना वाटलं. खेळाडू मात्र पुढचा खेळ कधी, म्हणून मागे लागले.

मला त्या महापौराचा हेवा वाटतो. बुद्धिबळात उंट तिरकाच जाणार. महापौराला मात्र लाच देता येत होती, पळून जाता येत होतं, शत्रूशी संधानही बांधता येत होतं.

त्याच मंडळींतल्या डेव्ह आर्नेसन यांनी १९७१च्या सुमारास ‘ब्लॅकमूर’ रचलं. गढी, तिच्याखाली भुयारं, भुयारांत राक्षस. एका फटक्यात आपलं पात्र मेलं की खेळाडू हळहळत. म्हणून आर्नेसननी आपल्या आरमारी खेळातला जहाजाने टप्प्याटप्प्याने मार खाण्याचा नियम माणसांना लावला. पात्र आठवडेन् आठवडे जगू लागलं, अनुभवाने वाढू लागलं. ज्याने सहा महिने एक पात्र सांभाळलंय, त्याला यातली माया सांगावी लागत नाही.

१९७२मध्ये आर्नेसननी विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाला जाऊन गॅरी गायगॅक्स यांना हा खेळ दाखवला. गायगॅक्स यांची विमा कंपनीतली नोकरी गेली होती, घरी जोडे दुरुस्त करून ते संसार चालवत होते. त्यांनी झपाटल्यासारखे नियम लिहून काढले. जानेवारी १९७४मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आलं: एका खोक्यात तीन पुस्तिका, किंमत दहा डॉलर, प्रती १०००.

फाशांची कथा तर मला फारच आवडते. या खेळाला लागणारा वीस बाजूंचा फासा मिळाला तो शाळांना गणिताचं साहित्य पुरवणाऱ्यांकडे. त्यावर ० ते ९ हे आकडे दोनदा कोरलेले, पण रंग न भरलेले. खेळाडू मेणखडू घासून अर्ध्या बाजूंचे आकडे एका रंगाने भरत, उरलेले दुसऱ्या. दुसरा रंग वर आला की आकड्यात दहा मिळवायचे. माझ्याकडे तसा एक फासा आहे. मऊ प्लास्टिकचा, कडा झिजलेल्या, खाचांत अजून निळा मेणखडू.

पुस्तिका मात्र भलत्याच अवघड होत्या. जुने युद्धखेळ ठाऊक असतील असं धरून लिहिलेल्या. कुणाला तरी खेळताना पाहिल्याशिवाय उमगणं कठीण, म्हणून खेळ माणसाकडून माणसाकडे गेला आणि जाता जाता प्रत्येकाने रिकाम्या जागा स्वतः भरल्या. ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या केन सेंट आंद्रे यांनी तर त्या पुस्तिका वाचून सरळ आपलेच नियम लिहिले आणि १९७५मध्ये ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ काढलं, घराघरांत असणाऱ्या सहा बाजूंच्या साध्या फाशांवर खेळता येणारं. नव्या माणसाला मी आजही तेच फासे देते.