रणात पडलेल्या आप्ताचा माग : स्मारकावरचे नाव आणि मातीतली जागा

मुरगूड (जि. कोल्हापूर) : वेदगंगेच्या काठावरील मुरगूडहून निपाणीच्या वाटेने निघाले, की पुढे बेळगाव लागते. १९२२ पासून तेथे मराठा पलटणींचे केंद्र आहे. कोल्हापूर, कागल, गडहिंग्लज, निपाणी या टापूतील कित्येक तरुणांचे सैनिकी आयुष्य तेथेच सुरू झाले. त्यांतील काही बसऱ्याला, काही इटलीला, तर काही ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर गेले आणि परतले नाहीत. घरी आली ती एक तार, निवृत्तिवेतनाचे कागद आणि क्वचित एखादे पदक. तिसऱ्या-चौथ्या पिढीला आज प्रश्न पडतो तो असा, की आपला माणूस नेमका पडला कोठे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी लागते. ज्या ठिकाणी सैनिकाचे नाव कोरले आहे ते ठिकाण आणि तो जेथे पडला ते ठिकाण, ही बहुधा दोन वेगळी ठिकाणे असतात. पहिले काही मिनिटांत सापडू शकते. दुसऱ्यासाठी चिकाटी लागते.

घाडगे यांचे उदाहरण

महाराष्ट्राला परिचित असलेले नाव म्हणजे नाईक यशवंत घाडगे. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातील पळसगावचा हा जवान पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. तुकडीतील इतर सर्व जण ठार वा जखमी झाले, तेव्हा घाडगे एकटेच त्या ठाण्यावर धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी मशीनगन निकामी केली, एकाला गोळीने टिपले आणि काडतुसे भरण्यास उसंत नसल्याने उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळविले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांचा प्राण घेतला. वय अवघे २२ वर्षे. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

एवढा पराक्रम, एवढी नोंद. तरीही त्यांची ज्ञात समाधी नाही. त्यांचे नाव आहे ते कासिनो येथील स्मारकावर, म्हणजे टायबरच्या त्या खोऱ्यापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दक्षिणेस. इटलीच्या मोहिमेत ज्यांच्या समाधीचा ठाव लागला नाही, अशा चार हजारांवर सैनिकांची नावे तेथे आहेत. रणभूमीच्या जवळ, माँटोने या गावी, घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाचे स्मारक उभे राहिले ते जुलै २०२३ मध्ये, म्हणजे ७९ वर्षांनी. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानकऱ्याची ही स्थिती, तर साध्या शिपायाच्या नातलगांना किती वाट तुडवावी लागत असेल, याची कल्पना यावी.

पहिली पायरी : घरातील ट्रंक

शोधाचा आरंभ घरातच करावा. पहिल्या महायुद्धातील पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक घासूनपुसून लख्ख करण्याआधी ही कड भिंगाखाली वाचावी. त्याच युद्धातील मृतांच्या वारसांना बशीएवढी काशाची गोल स्मृतिपट्टिका दिली जात असे; तिच्यावर मात्र केवळ नाव असते. गणपत, बाबू, कृष्णा, तुकाराम ही नावे पलटणीत शेकड्यांनी होती आणि जुन्या नोंदींत आडनाव असेलच असे नाही. त्यामुळे नावापेक्षा क्रमांक महत्त्वाचा.

वडिलांचे नाव, पत्नीचे नाव आणि गाव यांचीही टिपणे काढून ठेवावीत. दुसऱ्या महायुद्धाच्या अनेक नोंदींत 'अमक्याचा पुत्र, अमकीचा पती, राहणार अमुक' असा तपशील असतो. येथे सीमाभागाची एक अडचण येते. त्या काळी मुरगूड हे कोल्हापूर संस्थानातील कागल जहागिरीत होते, तर जवळची निपाणी इंग्रजी मुलखातील बेळगाव जिल्ह्यात होती. साहजिकच शेजारच्या दोन गावांतील जवानांचे पत्ते वेगवेगळ्या जिल्ह्यांखाली लागू शकतात. इंग्रज कारकुनाने गावाचे नाव कानाला लागेल तसे लिहिलेले असते. मुरगूडचे स्पेलिंग तीन-चार प्रकारे लावून पाहणे आवश्यक आहे.

दुसरी पायरी : पलटणीचा क्रमांक

आजोबा 'मराठा पलटणीत' होते, एवढ्यावर भागत नाही. बटालियन कळली पाहिजे. १९२२ च्या पुनर्रचनेत जुन्या पलटणींचे क्रमांक बदलले. जुनी १०३ वी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली. त्याचप्रमाणे १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी आणि ११७ वी पाचवी झाली, तर ११४ व्या पलटणीला दहावा क्रमांक मिळाला. पहिल्या महायुद्धातील माणूस शोधायचा तर जुना क्रमांक, दुसऱ्यातील शोधायचा तर नवा.

बटालियन कळली की भूगोल उलगडू लागतो. १०३, ११० व ११७ या पलटणी मेसोपोटेमियात होत्या आणि ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. दुसऱ्या युद्धातील तिसरी बटालियन १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनच्या डोंगरात व पुढे इटलीत लढली. चौथ्या बटालियनने मार्च १९४४ मध्ये मणिपुरातील सांगशाक येथे जपान्यांशी झुंज दिली.

मात्र प्रत्येक मराठी सैनिक मराठा पलटणीतच होता, असे समजू नये. खडकीचे बॉम्बे सॅपर्स, १९४१ मध्ये उभी राहिलेली महार रेजिमेंट, वाहतूक व रसद दले, तसेच हमाल आणि खेचरवाले यांतूनही माणसे गेली. लढाऊ नसलेल्या या अनुचरांचीही नोंद झाली आहे. कोल्हापूर संस्थानची राजाराम रायफल्स ही स्वतंत्र पलटण होती. संस्थानच्या विलीनीकरणानंतर तिच्यापासून १९ मराठा लाइट इन्फंट्री झाली.

तिसरी पायरी : नाव कोठे कोरले?

१९१७ मध्ये स्थापन झालेल्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांतील सुमारे १७ लाख मृतांच्या नोंदी विनामूल्य पाहता येतात. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ हा कालावधी धरला आहे.

येथे हिंदू सैनिकांच्या बाबतीत एक भेद आहे. त्यांना शक्य तेथे अग्नी दिला गेला, त्यामुळे दफनभूमीत त्यांची शिळा शोधणे बहुधा व्यर्थ ठरते. अग्निसंस्कार झाल्याची नोंद असलेल्यांसाठी स्वतंत्र दहनस्मारके आहेत. इटलीत सांग्रो नदी, फोर्ली व रिमिनी येथे ती उभारली आहेत. इंफाळ, केरेन आणि ब्रह्मदेशातील तौक्यान येथेही आहेत. मृतदेहाचा ठावच लागला नाही, अशांची नावे कासिनो, रंगून किंवा सिंगापूर येथील मोठ्या स्मारकांवर आहेत.

सर्वांत बोचणारी कथा बसरा स्मारकाची. मेसोपोटेमियातील चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठी ते उभारले गेले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली, पण हिंदी शिपायांची नावे न कोरता पलटणीखाली केवळ त्यांची संख्या दिली. नावे नोंदवहीत राहिली. आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशा असमान वागणुकीची कबुली देऊन क्षमा मागितली. हे स्मारक १९९७ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या आदेशाने मूळ जागेवरून सुमारे ३२ किलोमीटर दूर वाळवंटात हलविण्यात आले. म्हणजे नावही नाही आणि जागाही ती नाही.

चौथी पायरी : रोजनिशी आणि नकाशा

माणूस पडला त्या जागेजवळ नेणारे साधन म्हणजे बटालियनची युद्धरोजनिशी. दर दिवशी पलटण कोठे होती, कोणत्या कंपनीने हल्ला केला, किती माणसे गेली, हे तीत लिहिलेले असते. पहिल्या महायुद्धातील रोजनिशा लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात 'डब्ल्यू. ओ. ९५' या मालिकेत आहेत. दुसऱ्या युद्धातील मध्यपूर्वेसाठी १६९, इटलीसाठी १७० आणि ब्रह्मदेश आघाडीसाठी १७२ या मालिका पाहाव्यात. भारतात दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार व त्याचे 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ, तसेच बेळगाव येथील मराठा लाइट इन्फंट्रीचे अभिलेख कार्यालय ही चौकशीची ठिकाणे होत.

रोजनिशीत गोऱ्या अधिकाऱ्याचे नाव असते, शिपाई मात्र बहुधा आकड्यांत मोजलेले असतात. तेव्हा पुढील रीत उपयोगी पडते. आयोगाच्या नोंदींतून त्या बटालियनचे त्या तारखेचे सर्व मृत वेगळे काढावेत आणि रोजनिशीतील संख्येशी ताडून पाहावेत. दोन्ही आकडे जुळले आणि त्या दिवशी एकाच कंपनीची लढाई झाली असेल, तर जागा एखाद्या टेकडीपर्यंत किंवा ओढ्यापर्यंत येऊन ठेपते. रोजनिशीतील नकाशाचे आकडे आजच्या नकाशावर जसेच्या तसे चालत नाहीत. त्यासाठी त्या काळचाच लष्करी नकाशा लागतो.

दोन धोके लक्षात ठेवावेत. बेपत्ता सैनिकाच्या मृत्यूची तारीख पुष्कळदा अंदाजाने ठरविलेली असते. आणि जखमी होऊन वा आजाराने गेलेला जवान रणभूमीपासून फार दूर, एखाद्या इस्पितळात गेलेला असू शकतो. कुतच्या शरणागतीनंतर कैद झालेले अनेक हिंदी शिपाई रास-अल-ऐनच्या रेल्वेकामावर नेले गेले. कैद्यांसाठी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने २०१४ मध्ये खुली केलेली पहिल्या महायुद्धाची कार्डे पाहावीत.

स्वातंत्र्योत्तर युद्धे

स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांतील व मोहिमांतील हुतात्म्यांची नावे दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर आहेत. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याचे उद्घाटन झाले, तेव्हा तेथे पंचवीस हजारांहून अधिक नावे होती. या युद्धांच्या संदर्भात रेजिमेंटचे अभिलेख कार्यालय आणि कोल्हापूरचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यांच्याकडे प्रथम जावे. बहुतेक युद्धकागद २५ वर्षांनंतर खुले करण्याचे धोरण संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये जाहीर केले.

हाती काय लागते?

इतके करूनही पावलाएवढी जागा क्वचितच निश्चित होते. हाती लागते ती एक तारीख, एक टेकडी, नदीचे एक वळण. पण 'तिकडे कुठेतरी लढाईत गेले' असे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेल्या घराला तेवढेही मोठे असते. सांगशाकसारखे ठिकाण तर देशातच आहे. तेथे जाण्यास पारपत्रही लागत नाही. नोंदीत वडिलांचे नाव वा गाव चुकले असेल, तर पुराव्यानिशी आयोगाला कळवून दुरुस्ती मागता येते. जागेचा पत्ता लागो वा न लागो, नाव आणि गाव अचूक लिहिले जाणे हे तरी आज घरच्यांच्या हाती आहे.