पन्नास शब्दांची वेस

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला 'शुद्धलेखन घालणे' हा वाक्प्रयोग ठाऊक आहे. गुरुजी उतारा वाचीत आणि मुले तो पाटीवर उतरवून घेत. चुका झाल्या तर छडी बसे, नाही तर तोच शब्द दहा वेळा गिरवावा लागे. हा निरुपद्रवी प्रकार एका देशाने अर्धशतकाहून अधिक काळ आपल्या वेशीवर पहारेकरी म्हणून उभा केला होता, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानी नसते. आम्ही परप्रांतात राहणारी मराठी मंडळी पोटापाण्यासाठी दुसऱ्यांच्या भाषा शिकलो, त्या मोडक्यातोडक्या बोललो, आणि लोकांनी आम्हांला हसत हसत सांभाळून घेतले. स्टेशनावर उतरताच कागद पुढे करून कोणी आमचे शुद्धलेखन घेतले नाही. म्हणूनच हा इतिहास स्मरणिकेच्या वाचकांपुढे मांडावासा वाटतो.

हा पहारा ऑस्ट्रेलियात उभा राहिला. पण त्याचे मूळ शोधू लागले की आपण मुंबईच्या बंदरात येऊन पोहोचतो. इ. स. १८९६ मध्ये गांधीजी नाताळ वसाहतीतील हिंदी लोकांची दुःस्थिती सांगण्यासाठी स्वदेशी आले होते. त्याच फेरीत ते पुण्यास जाऊन लोकमान्य टिळक, गोपाळराव गोखले आणि डॉ. भांडारकर यांना भेटले. त्यांच्या पुस्तिकेचा विपर्यस्त सारांश तारेने आफ्रिकेत पोहोचला आणि तेथील गोरे खवळले. वर्षअखेरीस 'कूरलँड' व 'नादेरी' या दोन आगबोटी सुमारे आठशे उतारू घेऊन डर्बनला लागल्या. 'कूरलँड'वर गांधीजी होते. कस्तुरबा आणि मुलेही बरोबर होती. मुंबईत प्लेग सुरू झाला होता, ते निमित्त पुरले. तेवीस दिवस दोन्ही बोटी किनाऱ्यापाशी अडवून ठेवण्यात आल्या. १३ जानेवारी १८९७ रोजी गांधीजी उतरले तेव्हा जमावाने त्यांना मारहाण केली. पोलीस अधीक्षकांच्या पत्नीने आपली छत्री मध्ये धरली म्हणून ते वाचले, हा प्रसंग सर्वश्रुत आहे.

त्याच वर्षी नाताळच्या विधिमंडळाने जो कायदा केला तो तितकासा सर्वश्रुत नाही. कोणत्या तरी युरोपीय भाषेत ज्याला अर्ज लिहिता येणार नाही त्याला वसाहतीत प्रवेश नाही, एवढेच त्यात म्हटले होते. 'हिंदी' हा शब्द नाही, 'काळा' हा शब्द नाही. संस्कृत, फारसी व मराठी जाणणारा विद्वान या कायद्याने निरक्षर ठरला. हेच त्याचे चातुर्य होते. १८५८ च्या जाहीरनाम्यात राणी व्हिक्टोरियाने आपल्या हिंदी प्रजेला समान वागणुकीचे वचन दिले होते, त्यामुळे उघड वर्णभेद लंडनला अडचणीचा वाटे. वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी १८९७ च्या परिषदेत इतर वसाहतींच्या पंतप्रधानांपुढे नाताळचाच नमुना ठेवला. वचन मोडायचे, पण मोडल्याचा आवाज होऊ द्यायचा नाही, असा हा मार्ग होता.

ऑस्ट्रेलियाने तो १९०१ मध्ये स्वीकारला. बंदरावरील अधिकाऱ्याने युरोपीय भाषेतील पन्नास शब्दांचा उतारा वाचायचा आणि आगंतुकाने तो लिहून दाखवायचा. भाषा निवडायची अधिकाऱ्याने. अधिकाऱ्यांना मिळालेल्या सूचनांचा आशय असा होता की, ज्याला इंग्रजी येण्याचा संभव आहे त्याला न येणाऱ्या भाषेत परीक्षा द्यावी. म्हणजे परीक्षक निकाल आधी ठरवी आणि प्रश्नपत्रिका मागाहून! १९०२ व १९०३ या दोन वर्षांत ८०५ वेळा परीक्षा घेण्यात आली. ४६ जण उत्तीर्ण झाले. १९०४ ते १९०९ या काळात ५५४ परीक्षांतून सहा जण पार पडले. १९०९ नंतर एकही नाही. जपानच्या नाराजीमुळे १९०५ मध्ये 'युरोपीय भाषा' हे शब्द बदलून 'विहित भाषा' असे करण्यात आले. परंतु नवी भाषा कधीच विहित केली गेली नाही आणि कारभार पूर्वीप्रमाणेच चालू राहिला.

या कायद्याच्या पुरस्कर्त्यांत ॲटर्नी जनरल आल्फ्रेड डीकिन प्रमुख होते. हे गृहस्थ १८९०-९१ च्या हिवाळ्यात कालवे पाहण्यासाठी हिंदुस्थानात हिंडून गेले होते. परत गेल्यावर त्यांनी पाटबंधाऱ्यांवर एक आणि येथील देवळे व थडगी यांवर एक, अशी दोन पुस्तके १८९३ मध्ये प्रसिद्ध केली. मुंबईत वा आग्र्यात त्यांना मोडीचा उतारा कोणी घातला नाही.

प्रवासी म्हणून जाऊ इच्छिणाऱ्या हिंदी माणसाची सोय १९०४ मध्ये झाली. व्यापारी, विद्यार्थी आणि पर्यटक यांनी हिंदुस्थानातील सरकारचे पारपत्र आणल्यास बारा महिन्यांपर्यंत परीक्षा घेतली जाणार नाही, असे ठरले. सवलत खरी; पण तिचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. परीक्षा रद्द झाली नव्हती, पुढे ढकलली होती. मुक्काम लांबवायचा तर सूटपत्र हवे, नाही तर तेच पन्नास शब्द. शिवाय पर्यटक कोण हे ठरविणार सरकार. ज्याच्यापाशी पैसा, प्रतिष्ठा आणि वर ओळख तो पर्यटक. बाकीचा तो मजूर, मग तो डोंगरदऱ्या पाहायला का निघालेला असेना.

प्रतिष्ठेनेही दार प्रत्येक वेळी उघडत नसे. १९१२ च्या ऑक्टोबरात नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेत उतरले तेव्हा तेथील सरकारने त्यांच्या प्रवासासाठी रेल्वेचा खास डबा दिला. पाहुण्यांना निरोप देण्यासाठी गांधीजी व त्यांचे जर्मन स्नेही कालेनबाख पूर्व किनाऱ्याने वर गेले. परतीच्या वाटेवर पोर्तुगीजांच्या डेलागोआ बे बंदरात कालेनबाख यांना विनाचौकशी उतरू देण्यात आले आणि गांधीजींना अडविण्यात आले. आफ्रिकेत इतकी वर्षे वकिली केलेला मनुष्य बाहेर खोळंबला, आणि सोबती केवळ कातडीच्या जोरावर आत गेला.

या परीक्षेचे खरे हसे झाले ते मात्र एका गोऱ्याच्या वेळी. प्रागचे पत्रकार एगॉन किश युद्ध व फॅसिझम यांविरुद्धच्या परिषदेसाठी नोव्हेंबर १९३४ मध्ये 'स्ट्रॅथेअर्ड' बोटीने ऑस्ट्रेलियास आले. ते वसाहत करायला नव्हे, भाषणे करून परत जायला आलेले पाहुणे होते. फ्रीमँटल बंदरातच त्यांना उतरण्याची मनाई झाली. १३ नोव्हेंबरला मेलबर्न येथे त्यांनी बोटीवरून धक्क्यावर उडी घेतली. पाय मोडला! तशाच अवस्थेत त्यांना उचलून पुन्हा बोटीवर नेण्यात आले. सिडनीस न्यायमूर्ती एव्हॅट यांनी त्यांची अटक बेकायदा ठरविली, तेव्हा सरकारने ठेवणीतले शुद्धलेखन बाहेर काढले. किश यांना अनेक युरोपीय भाषा येत होत्या. म्हणून भाषा निवडली स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील गेलिक. उतारा घालणाऱ्या पोलिसालाही ती धड अवगत नव्हती. किश अर्थातच अनुत्तीर्ण झाले.

प्रकरण वरिष्ठ न्यायालयात गेले. १९ डिसेंबर १९३४ रोजी बहुमताने निर्णय झाला की कायद्याच्या अर्थाने स्कॉटिश गेलिक ही 'युरोपीय भाषा' नव्हे. किश सुटले, पण ऑस्ट्रेलियातील स्कॉटिश मंडळी संतापली. आपल्या पूर्वजांच्या भाषेला न्यायालयाने भाषा म्हणून बाद केले, म्हणून वृत्तपत्रांत पत्रापत्री माजली. भाषा कोणती आणि बोली कोणती, या वादात माणसे किती हळवी होतात हे आम्हांला नवे नाही. १९९२ मध्ये कोकणी आठव्या परिशिष्टात समाविष्ट होईपर्यंत आपल्याकडे काय काय लिहिले गेले ते अनेकांना स्मरत असेल. किश यांनी हजारोंच्या सभा गाजविल्या आणि मार्च १९३५ मध्ये ते परतले. दोन वर्षांनी हिंदुस्थानात जन्मलेल्या मेबेल फ्रीअर या गोऱ्या ब्रिटिश स्त्रीला इटालियन उतारा घालून दोनदा परत फिरविण्यात आले, तेव्हाही वृत्तपत्रे आणि पार्लमेंट दणाणले. १९३७ मध्ये तिला प्रवेश मिळाला.

या दोन प्रकरणांवर ग्रंथ आहेत, निकालपत्रे आहेत. पहिल्या आठ वर्षांत नापास होऊन परतलेल्या तेराशेंहून अधिक माणसांसाठी कोणी सभा घेतली नाही. त्यांना वकील मिळाले नाहीत. गोऱ्यावर वापरताच ज्या युक्तीचा पोरखेळ उघडा पडला, ती इतरांवर तीस वर्षे बिनबोभाट चालली, आणि त्यानंतरही चालू राहिली.

हिंदुस्थानने उलट दार लावून पाहिले ते दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत. १९४३ मध्ये परस्परतेचा कायदा झाला आणि पुढील वर्षी तेथील गोऱ्यांना तो लागू करण्यात आला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात हे खाते त्या वेळी नागपूरचे डॉ. ना. भा. खरे सांभाळीत होते. प्रत्यक्ष अडचण थोड्यांनाच झाली असेल. परंतु ज्यांनी नाताळचा नमुना जगाला दिला त्यांना आपल्या मापाने मोजून घेण्याची ती पहिली वेळ होती.

ऑस्ट्रेलियाची परीक्षा १९५८ च्या नव्या कायद्याने रद्द झाली. तेथे आधीपासून स्थायिक झालेले हिंदी फेरीवाले आणि उंटवाले मायदेशी आप्तांना भेटायला निघत, तेव्हा परतताना परीक्षा होऊ नये म्हणून त्यांना सूटपत्र काढून ठेवावे लागे. त्यावर समोरून आणि बाजूने काढलेली छायाचित्रे असत, आणि काळ्या शाईत उमटविलेला हाताचा ठसा. ही सूटपत्रे आज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवलेली आहेत. छायाचित्रांतील कित्येकांनी मुद्दाम ठेवणीतला फेटा बांधलेला दिसतो.