मींड कुणाची?

लग्नाची वरात चौकात आली आणि बँडवाल्यानं 'नागिन'ची धून धरली की वरपक्षातला एक गृहस्थ रुमालाचं टोक दातांत धरून पुंगी वाजवू लागतो आणि दुसरा सुटाबुटासकट डांबरी रस्त्यावर फणा काढतो. दोघेही मुळात पापभीरू. एरवी गांडुळालासुद्धा वाट देणारे. त्या दोघांना, क्लॅरिनेटवाल्याला आणि गच्चीतून वाकून बघणाऱ्या समस्त महिलावर्गाला वाटत असतं की ही गारुड्याची पुंगी. पण १९५४ सालच्या त्या चित्रपटातल्या मूळ गाण्यात पुंगी नाहीच! संगीत हेमंतकुमारांचं, त्यात कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन नावाचं विजेवर चालणारं परदेशी वाद्य वाजवलं, त्याला रवींनी हार्मोनियमची जोड दिली, आणि या दोघांनी मिळून असा काही नाग डोलवला की पुढे खरे गारुडी खऱ्या पुंगीवर तीच धून वाजवू लागले. अस्सलानं नकलेची नक्कल केली! नकलेचा यापेक्षा मोठा सत्कार तो काय व्हायचा?

तेव्हा रेकॉर्डवर जे वाद्य ऐकू येतं ते तेच असणार, असं मानणाऱ्यानं जरा जपून असावं. हे मी आमच्या दाजींना पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. दाजी म्हणजे ताईचे यजमान. बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना कान आहे, असं ते स्वतःच सांगतात. इंग्रजी गाण्यांच्या तबकड्यांनी त्यांचं एक कपाट भरलं आहे. गाणं लागलं की दुसऱ्या ओळीला त्यांचं एक बोट वर जातं आणि निकाल जाहीर होतो. नुसत्या वासावरून हा आंबा देवगडचा की रत्नागिरीचा हे सांगणारी माणसं असतात ना, त्यातला प्रकार. एका रविवारी 'ईगल्स' या अमेरिकन मंडळींचं १९७२ सालचं 'पीसफुल ईझी फीलिंग' लागलं. त्यात तारेचा एक सूर लाडात आल्यासारखा वर सरकला आणि दाजी म्हणाले, "पेडल स्टील!"

"दाजी, ती साधी गिटार आहे."

"गिटार अशी रडत नाही."

"रडवली तर रडते."

"कुणी का रडेना," ताई आतून म्हणाली, "पोहे गार होताहेत."

आता पेडल स्टील हा काय प्रकार आहे हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी मुळीच संकोच बाळगू नये. तिच्या आजीला आपण चांगले ओळखतो. रेडिओवर बातम्यांना दीड मिनिट उरलं की निवेदिका कुठल्याशा सिनेमातल्या गाण्याची धून लावायची. वाजवणारे व्हॅन शिप्ले, नाहीतर हजारा सिंग, नाहीतर सुनील गांगुली. ती हवाईयन गिटार म्हणजेच ही आजी. गिटार आडवी ठेवायची, पडद्यांना बोट लावायचं नाही, तारांवरून पोलादी कांडी सरकवायची. या घसरगुंडीचं श्रेय हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलाला देतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रेल्वेच्या रुळाकडेला त्याला एक लोखंडी बोल्ट सापडला आणि तो त्यानं तारांवर फिरवून पाहिला, अशी कथा आहे. याला प्रतिस्पर्धी दावेही आहेत. त्यातला एक गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या खलाशाचा, आणि हा म्हणे जन्मानं हिंदुस्थानातला! हे वाचल्या दिवशी दाजींना रात्री उशिरापर्यंत झोप लागली नाही. पुष्पक विमान आपलं, शून्य आपलं, आता हवाईयन गिटारही आपलीच निघाली तर अमेरिकेकडे उरलं काय, या विवंचनेत ते होते.

१९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तिथं हवाईच्या वादकांनी लोकांना वेड लावलं आणि आजी अमेरिकाभर पाहुणचार घेत हिंडली. १९३० नंतरच्या दोनतीन वर्षांत रिकेनबॅकरवाल्यांनी तिच्यात वीज सोडली. गोल पोट आणि लांब दांडा असल्यामुळे त्या वाद्याला लोक 'फ्राइंग पॅन' म्हणत. पुढे ज्या विजेच्या गिटारीनं जगभरच्या पालकांची झोप उडवली, तिचा वंश या तव्यापासून सुरू होतो.

आजीची अडचण एकच. कांडी सरळ आणि तारा सगळ्या तिच्याखाली. कांडी हलली की सगळ्या तारा एकदम हलणार. सासरच्या झाडून सगळ्या माणसांना बरोबर घेऊन भाजी आणायला निघावं तसं. एखाद्या सुराला मागं ठेवून दुसऱ्याला पुढं पाठवावं, तर सोय नाही. म्हणून वादकांनी दोन-दोन, तीन-तीन गळ्यांच्या गिटारी केल्या, प्रत्येक गळा वेगळ्या सुरांत लावलेला. मग कुणीतरी पायाशी पेडलं बसवली. पेडल दाबलं की तार आतून ओढली जाऊन तिचा सूर बदलतो. पण हे काम सभ्यपणे, तार वाजत नसताना करायचं, अशी रीत होती. म्हणजे मैफलीत तबलजी दोन गाण्यांच्या मध्ये हातोडी मारून घेतो तसं.

ही सभ्यता बड आयझॅक्स या गृहस्थानं मोडली. वेब पिअर्स या गायकाचं 'स्लोली' हे गाणं १९५४ साली अमेरिकेच्या ग्रामीण संगीतात पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यात आयझॅक्सनं तारा वाजत असतानाच पेडल दाबलं. हे केवढं धाडस होतं ते आपल्या भाषेत सांगतो. सा, ग आणि प अशा तीन तारा एकदम छेडल्या आहेत. त्या गुंजत असताना पाय खाली जातो. पंचम चढत धैवतावर जातो, गंधार मध्यमावर जातो, आणि षड्ज जागचा हलत नाही. सा-ग-प चा डोळ्यांदेखत सा-म-ध होतो. दोन सूर जिना चढताहेत आणि तिसरा दारात उभा राहून त्यांच्याकडे बघतो आहे. लोकांनी असं कधी ऐकलंच नव्हतं. गाणाऱ्यापेक्षा मागं हे कोण रडतं आहे याचीच चौकशी जास्त. मग ज्याच्या त्याच्या स्टील गिटारीला पेडलं हवी झाली.

आजची पेडल स्टील तुम्ही पाहिलीत तर वाद्य म्हणून ओळखणार नाही. इस्त्रीच्या टेबलाला शिवणयंत्राचे पाय लावले आहेत असंच वाटेल. वर दहा तारा, कधी दोन गळे मिळून वीस. खाली तीन पेडलं, शिवाय गुडघ्यांनी डावी-उजवीकडे ढकलायचे चारपाच दांडे. डाव्या हातात कांडी, उजव्याच्या बोटांत नख्या, डावा पाय पेडलांवर आणि उजवा आवाज कमीजास्त करणाऱ्या वेगळ्या पेडलावर. सहाही अवयव सहा दिशांना गुंतलेले, आणि चेहरा मात्र इन्कम टॅक्सच्या अधिकाऱ्यासारखा निर्विकार! निर्विकार असणारच. भुवई हलवायला सवड आहे कुणाला?

हे ऐकून साध्या गिटारवाल्यांचा जळफळाट झाला तर नवल नाही. त्यांनी मग बोटांनी नक्कल सुरू केली. एक तार स्थिर धरायची आणि शेजारची आडवी ओढायची. म्हणजे सितारिया घेतो तीच मींड. तेव्हा दाजींचा प्रश्न सोपा करून असा मांडता येईल: ही मींड तार ओढून घेतली, कांडी घसरवून घेतली, की तारेचं टोक मागून पिळून घेतली? सितार वाजवता वाजवता कुणी खुंटी पिळावी, तशी ही तिसरी तऱ्हा. तीच पेडलची.

आणि ती ओळखायची तर हलणाऱ्या सुराकडे कान देऊन उपयोग नाही. तो गोड असतोच; सगळी फसवणूक तिथंच होते. न हलणाऱ्या सुराकडे कान द्यावा. काहीच थांबलेलं नाही, सगळी वरात एकदम सरकते आहे, तर ती कांडी. एकच सूर वर जातो आणि बाकीचे थांबतात, तर बोटं असण्याचा संभव मोठा. दोन सूर वेगवेगळ्या अंतरांनी चढताहेत, तिसरा स्थिर आहे, शिवाय वरची कांडीही त्या अवस्थेत सरकते आहे, तर समजावं की खाली कुणाचा तरी पाय आहे. आणखी एक खूण कंपाची. कांडीचा कंप सुराच्या वर आणि खाली दोन्हीकडे झुलतो. तार आडवी ओढून दिलेला कंप मूळ सुराच्या खाली जाऊच शकत नाही, कारण तार ओढून ताणता येते, सैल करता येत नाही. हवेतून उगवल्यासारखा येणारा सूर ही मात्र खात्रीची खूण नव्हे. पेडलवाला तो उजव्या पायानं आणतो, तर गिटारवाला करंगळीनं आवाजाचा खटका फिरवून आणतो, आणि भल्याभल्यांना चकवतो.

दाजींनी या सगळ्या खुणा वहीत उतरवून घेतल्या आणि 'पीसफुल ईझी फीलिंग' पुन्हा लावलं. इथं खरी गंमत आहे. ते वाजवलं आहे बर्नी लेडननं, साध्या उभ्या गिटारीवर. पण त्या गिटारीच्या पोटात एक यंत्र आहे. १९६७-६८च्या सुमाराला क्लॅरेन्स व्हाइट या अचाट गिटारवाल्याला एक तान सुचली, ती वाजवायला तिसरा हात हवा होता. शेजारी जीन पार्सन्स होता. ड्रम वाजवायचा आणि यंत्रकामातही तरबेज. क्लॅरेन्सनं वाजवावं आणि जीननं वरून तार दाबावी, असं त्यांनी करून पाहिलं. पण दर कार्यक्रमाला एक माणूस तार दाबायला न्यायचा म्हणजे जिलबी खायला आचारी बरोबर नेण्यासारखं. तेव्हा पार्सन्सनं पेडल स्टीलचेच सुटे भाग वापरून गिटारीच्या आत एक तरफ बसवली आणि ती खांद्यावरच्या पट्ट्याला जोडली. गिटारीची मान खाली दाबली की पट्टा ताणला जातो आणि दुसरी तार बरोबर एक पूर्ण स्वर वर जाते. त्या भानगडीत गिटारीला मागून जाड फळी लावावी लागली. पोट सुटलं तिचं.

"म्हणजे पेडल स्टीलचे भाग आत आहेत," दाजी म्हणाले. "मग मी निम्मा बरोबर!"

निम्मे मार्क द्यायला माझी हरकत नाही. पण पेडलवाल्याचे दोन सूर एकदम वेगवेगळे चढतात, या यंत्राची हलते ती एकच तार, आणि चढते तीही ठरलेल्या एका पायरीनं. दुसऱ्या सुराची भर घालायची तर बोटालाच कामाला लागावं लागतं. एकदा हे कळलं की ऐकू येतं.

गोंधळात भर घालणाऱ्या रेकॉर्डी दोन्ही बाजूंनी आहेत. सॅन्टो आणि जॉनी या भावांची १९५९ सालची 'स्लीप वॉक' ही शब्दांविना गाजलेली धून अनेक लोक पेडल स्टीलचा नमुना म्हणून ऐकवतात. ती तीन गळ्यांच्या स्टील गिटारीवर आहे आणि पेडल त्या वाद्याला एकही नाही! जॉर्ज हॅरिसनच्या १९७० सालच्या 'ऑल थिंग्ज मस्ट पास'मध्ये तर एकाच संचात दोन्ही आहेत. 'माय स्वीट लॉर्ड'मधली ती रेशमी घसरण हॅरिसनची स्वतःची, उभ्या गिटारीवर नळी सरकवून घेतलेली. सगळं बरोबर सरकतं, बघा. आणि 'बिहाइंड दॅट लॉक्ड डोअर'मध्ये नॅशव्हिलहून आलेला पीट ड्रेक आहे, खरीखुरी पेडल स्टील घेऊन. दोन्ही पाठोपाठ ऐकावीत.

कुणी म्हणेल, एवढा कीस कशाला? गोड लागलं ना, झालं! पण 'स्लोली' वेब पिअर्सची म्हणून खपली. ज्याच्या पायानं ती खपली त्याचं नाव किती जणांनी विचारलं? आपल्याकडेही तबकडीवर चित्रपट, गायक आणि संगीतकार एवढंच असायचं. वाजवणारे सगळे मिळून एक 'वाद्यवृंद'. कल्याणजी आणि रवी पुढे मोठे संगीतकार झाले म्हणून त्या पुंगीचा पत्ता लागला. गोव्याहून मुंबईला आलेल्या वादकांनी हिंदी सिनेमाचा निम्मा आवाज घडवला. त्यांतल्या अँथनी गोन्साल्विस यांचं नाव घरोघरी पोचलं ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात त्याला जागा दिली म्हणून, आणि तरी बहुतेकांच्या लेखी ते अंड्यातून बाहेर पडणाऱ्या अमिताभचंच नाव.

दाजी हल्ली कव्हरांच्या मागं पेन्सिलीनं वाद्य आणि वादक लिहून ठेवतात. दोन ठिकाणी त्यांनी मलाही बिनतोड पुरावा मागितला आणि चार दिवस हिंडवलं. 'बर्ड्स' या मंडळींच्या १९६८ सालच्या 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ'वर सध्या काम चालू आहे. त्यात लॉइड ग्रीन आणि जे डी मेनेस असे दोन पेडल स्टीलवाले आहेत आणि क्लॅरेन्स व्हाइटची गिटारही आहे, त्यामुळे पेन्सिल बरीच झिजते. क्लॅरेन्स १९७३च्या जुलैमध्ये, कार्यक्रमानंतर रस्त्याकडेला गाडीत सामान भरत असताना, एका दारू प्यालेल्या चालकाच्या गाडीखाली गेला. एकोणतीस वर्षांचा होता. ती पोट सुटलेली गिटार पुढे मार्टी स्टुअर्टकडे गेली आणि त्याच्या रेकॉर्डांवर तिचा आवाज आहे. दाजींच्या कपाटात त्यातली एक आहे. तिच्या मागं त्यांनी दोन नावं लिहिली आहेत, वाजवणाऱ्याचं आणि यंत्र करणाऱ्याचं.